काखेतले हात

अकबा, ७ मार्च १९८७

मामा,

तुम्ही पुन्हा तेच लिहिलंत. मी म्हणे दम्म्याच्या बैठकीला गाणं ऐकायला जात नाही, भात खायला जातो. माझ्या पत्राला मासळीचा वास येतो, तारेचा आवाज येत नाही. मामा, पाचवीतून शाळा सोडलेल्या माणसानं आवाज लिहायचा कसा? वर्गातून उठवून मला गोदीवरच्या दम्म्याला कोण नेत होतं? तेव्हा नाही वाटलं तुम्हाला, की हे पोरगं पुढं पत्र कसं लिहील. आता पाय चिरडून घेऊन तिसऱ्या मजल्यावर बसलात आणि म्हणता, सुबही, तुझ्या कानांनी ऐकव. ऐका मग.

इथला दम्मा आपल्या सुएझसारखा चहाच्या दुकानात नसतो. किनाऱ्यावर उलट्या घातलेल्या होड्या आहेत, त्यांच्या मध्ये गोल करून बसायचं. दर शुक्रवारी, तिसऱ्या प्रहरच्या नमाजानंतर, कारण दिवस मावळला की आमची बंदरावरची पाळी लागते. तिकीट नाही, मंच नाही. सिमसिमिया आपल्यासारखीच पाच तारांची, पण खाली लाकडी खोका नाही, पत्र्याचं तसराळं आहे. त्यामुळे पहिली तार वाजली की कुणीतरी भांडी घासतंय असं वाटून हसू येतं. दुसऱ्या गाण्याला हसू येत नाही. टाळी आपल्यापेक्षा संथ. आपण दोन टाळ्यांत तिसरी चोरून घालतो. हे लोक चोरत नाहीत, वाट बघतात.

काल यांबूचा एक तरणा खलाशी वाजवायला बसला. गाणं ज्याच्याकडून घेतलं त्याचं नाव आधी घ्यायचं, हा आपला नियम इथंही आहे. यानं तर उस्ताद, उस्तादाचा उस्ताद आणि त्याचा मेहुणा, अशी तीन नावं घेतली. मागून एक जण म्हणाला, बाबा, तुझं स्वतःचं काय आहे? तर म्हणतो, घसा. सगळे हसले. पण गायला चांगला.

आणखी एक. बाजारात टेपरेकॉर्डर बघितलाय, बटण दाबलं की आवाज भरून घेणारा. त्रेचाळीस दिनार. माझ्याकडे एकोणीस झालेत. एकदा तो घेतला की अख्खा दम्मा कॅसेटमध्ये भरून पाठवतो, मग तुमची बोलणी बंद.

फॉस्फेटची पोती सोडली, आता जहाजांचे दोर बांधतो. ओरडू नका.

सुबही

*

सुएझ, २५ मार्च १९८७

सुबही,

लिहितेय नजात, बोलतोय मी. वर्षात तिसरं काम. तुझ्या बुडाखाली निखारा आहे का रे? तुझी आई असती तर तिनं मलाच धरलं असतं, की भावा, भाच्याला काय शिकवलंस म्हणून.

पण "वाट बघतात" हे बरं लिहिलंस. नजातकडून चार वेळा वाचून घेतलं. टाळी वाट बघत असेल तर गाणाऱ्याला श्वास पुरतो. असं लिहीत जा. मेहुण्याची गोष्ट नसती लिहिलीस तरी चाललं असतं, पण हसलो.

आता म्हाताऱ्यांचं लिही. पोरं काय, कुठंही गातात. तिथं जुनं कोण आहे, वाजवताना डोळे कुठं असतात, तार छेडताना अंगठा लावतो की नाही, ते मला कळव. माझी सिमसिमिया भिंतीवर आहे. पाय गेल्यापासून तिला हात लावला नाही. मांडी घालता येत नाही, तर ती ठेवू कशावर?

गेल्या शुक्रवारी आळीतली पोरं खाली येऊन रस्त्यात उभी राहिली आणि "अरफाचा कंदील" हे गाणं म्हणाली. चाळीस-पन्नास पोरं, टाळी अशी की बाल्कनी हलली. मी खिडकी लावून घेतली. वारा होता.

तुझा मामा अरफा

नजातकडून: वारा नव्हता. पोरांना वाटलं, बाबा रडतायत, म्हणून ती आणखी जोरात गायली. बाबा रडत नव्हते. कान झाकून बसले होते.

*

अकबा, ११ एप्रिल १९८७

मामा,

तुम्हाला म्हातारा पाहिजे होता ना? काल एक आला. अबू मनावर म्हणतात त्याला. थंडीभर होडी घेऊन खाली दक्षिणेला होता म्हणे. सत्तरीचा, काळा, वाळक्या माशासारखा. तो आला तसे सगळे सरकले, मधली जागा त्याला दिली. सिमसिमिया फडक्यातून काढली, डाव्या मांडीवर ठेवली आणि कुणाचंही नाव न घेता तार छेडली.

मामा, तुमचा कंदील.

"कंदील हलतो, बंदर हलतं, का मीच हलतो, सांगा." शब्द तेच, चाल तीच, फक्त संथ. तिन्ही कडवी म्हणाला. मला वाटलं, आता शेवटी तरी नाव घेईल. तर नाव नाहीच, वर आणखी एक चौथं कडवं, स्वतःच्या पदरचं:

"सालेम, तुझा ओला सदरा अजून दोरीवर आहे,
वाळला की घरी नेईन, वाळतच नाही, सांगा."

नाव न घेता सुरू केलं म्हणजे गाणं माझं आहे असं म्हणणं झालं. हे तुम्हीच शिकवलंत. कुणी नाव गिळलं तर उठून ते नाव सांगायचं, हेही तुम्हीच शिकवलंत. मी उठलो. मोठ्यानं म्हणालो, "हे सुएझच्या अरफाचं गाणं आहे. नाव घ्या."

त्यानं तारांवर तळवा ठेवला. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "बस बाळा, चहा घे." आणि जिथं थांबला होता तिथूनच पुढं सुरू. माझं बोलणं म्हणजे मध्येच आलेली शिंक.

पण तुम्ही विचाराल म्हणून लिहितो. अंगठा लावत नाही. डोळे मिटलेले नसतात, पाण्याकडे असतात. आणि मी रागात होतो तरी ते सदऱ्याचं कडवं डोक्यातून जात नाही. चोराला एवढं चांगलं कडवं सुचावं, याचा जास्त राग येतो.

तुमचं नाव मी इथं बुडू देणार नाही.

सुबही

*

सुएझ, २४ एप्रिल १९८७

सुबही,

गाणी वाऱ्यावर जातात. कुठून कुठं जातात, त्याचा हिशोब ठेवू नये. तू ते सोड आणि दुसऱ्या गाण्यांचं लिही. म्हाताऱ्या माणसाशी दम्म्यात बोलू नये, मी तुला हेही शिकवलं होतं, ते बरं विसरलास.

अबू मनावर म्हणजे मनावरचा बाप. पोरगा झाल्यावरचं नाव ते. त्याचं स्वतःचं नाव काय, एवढं कळव.

अरफा

नजातकडून: तुझं पत्र ऐकून बाबांनी दोन दिवस ताटाला हात लावला नाही. मी विचारलं तर म्हणाले, पाय दुखतो. त्या माणसानं बाबांचं गाणं चोरलं याचं त्यांना फार लागलंय. तोंडानं सोड म्हणतात, पण मनातून तसं नसावं.

*

अकबा, ३० मे १९८७

मामा,

ईद मुबारक, तुम्हाला आणि नजातला. त्याचं नाव फरहान. आता नावाचं काय करायचंय, कारण काम झालंय.

तुम्ही सोड म्हणालात, तो तुमचा मोठेपणा. नजातनं खरं काय ते लिहिलं होतं. रमजानभर दम्मा बंद होता, तेवढ्यात मी सुएझच्या, इस्माइलियाच्या, पोर्ट सैदच्या सगळ्या पोरांना गाठलं. बावीस जण झाले. त्यांना सांगितलं, भांडायचं नाही, शिवी द्यायची नाही, फक्त टाळी द्यायची नाही.

काल, ईदच्या दुसऱ्या दिवशी, किनारा भरला होता. म्हातारा आला. नवा पांढरा झगा, दाढीला मेंदी. आम्ही मुद्दाम पुढच्या गोलात बसलो होतो. त्यानं नाव न घेता कंदील सुरू केला आणि आम्ही बावीस जणांनी हात काखेत घातले.

तुम्हाला सांगायला नको, पुढचा गोल गप्प असला की मागच्यांचं धाडस होत नाही. पहिल्या ओळीनंतर टाळीची जागा आली ती रिकामी गेली. त्याला वाटलं, आम्ही वाट बघतोय. त्यानं तीच ओळ पुन्हा घेतली. पुन्हा रिकामी. तिसऱ्यांदा घेतली तेव्हा आवाज खाली आला होता, आणि मला वाटतं तेव्हा त्यानं आमच्या काखा बघितल्या. एकेकाच्या, ओळीनं, डावीकडून उजवीकडे. माझ्यापाशी थांबला.

मग वाद्य फडक्यात गुंडाळलं. घाई नाही केली. गाठ मारली आणि चालत गेला. चपला राहिल्या होत्या, त्या यांबूच्या खलाशानं उचलून मागं नेऊन दिल्या.

पोरांनी माझी पाठ थोपटली. सय्यादिया आला तेव्हा पहिलं ताट मला दिलं, कांदा जाळून केलेला तांबडा भात, वर माशाचं डोकं. मी खाल्ला. हे तुम्ही विचाराल म्हणून लिहितो.

आता तरी चांगलं म्हणा.

सुबही

*

अकबा, ४ जुलै १९८७

मामा,

पाच आठवडे झाले, पत्र नाही. पायाचं दुखणं वाढलंय का? नजातलाही दोन ओळी लिहायला काय होतं? बोटीनं येणाऱ्या प्रत्येक सुएझवाल्याला विचारतो, तर म्हणतात, अरफा बरे आहेत, खिडकी लावलेली असते.

दम्म्याचं लिहायला सांगाल, तर लिहिण्यासारखं काही नाही. दम्मा बसतो, पण म्हाताऱ्याची मधली जागा कुणी घेत नाही. तिला वळसा घालून बसतात, त्यामुळे गोल वाकडा होतो. गाणी होतात. टाळी होते. पण आता ती वाट बघत नाही, उरकते.

परवा त्याच्या घरावरून जात होतो. मुद्दाम नाही, दोर आणायला. तो दारात बसून माशांचा पिंजरा नीट करत होता. तारेच्या जाळीला मोठं भोक पडलेलं होतं आणि ते तो बारीक पोलादी तारांनी विणत होता. मी त्या तारा ओळखल्या. जुन्या टेलिफोनच्या दोरातून काढलेल्या, टोकाला पीळ. सिमसिमियाच्या तारा होत्या, मामा. मोजल्या, पाच.

त्यानं वर बघितलं. "मसरी, चहा?" एवढंच म्हणाला; इजिप्तच्या माणसाला इथं मसरीच म्हणतात. मी दोराचं निमित्त सांगून पळालो.

त्याला राग आला असता तर बरं झालं असतं.

टेपचे पस्तीस झालेत. पण भरू काय त्यात, ते सांगा.

सुबही

*

सुएझ, २० जुलै १९८७

सुबही,

नजात, मी सांगतो तसंच लिही. मध्ये थांबू नकोस.

सदुसष्टच्या लढाईच्या आधीच्या हिवाळ्यात अकब्याचं एक गलबत दुरुस्तीला सुएझच्या धक्क्यावर येऊन पडलं होतं. त्यावर फरहान होता. तेव्हा त्याला पोरगा नव्हता, आणि भाऊही उरला नव्हता. सालेम त्याचा धाकटा भाऊ, येताना वाटेत वाऱ्यानं पाण्यात गेला. त्याचा सदरा गलबताच्या दोरीवर वाळत होता तो तसाच राहिला. फरहान तो काढू देत नव्हता. आमच्या चहाच्या दुकानात बसून त्यानं हे गाणं रचलं. माझ्यासमोर, ओळ ओळ करून. मी त्याला टाळी देत होतो. गलबत गेलं तेव्हा त्यानं गाणं माझ्यापाशी ठेवलं. नाव घे, असं काही तो म्हणाला नाही. ते सांगायचं नसतं.

मग लढाई झाली आणि सुएझ रिकामं केलं. आम्हाला दूर आत, शेतांमधल्या एका शाळेत नेऊन टाकलं. एका वर्गात आठ घरं. तू तुझ्या आईच्या मांडीवर होतास. एक दिवस शाळेच्या अंगणात मी कंदील म्हणायला बसलो. चारशे माणसं होती. नाव घ्यायला तोंड उघडलं, तर शब्दाऐवजी तारच वाजली. पहिल्याच ओळीला एका बाईनं ऊर बडवला, म्हणाली, हे आपलं सुएझ गं. मला वाटलं, आता अकब्याच्या माणसाचं नाव घेऊन हिचं सुएझ काढून कशाला घ्या? उद्या घेऊ. उद्या लोकच म्हणाले, अरफा, तुझा कंदील लाव. वीस वर्षं झाली, नाव घ्यायचा उद्या उजाडला नाही.

चौथं कडवं मी गाळलं. सालेम कोण, असं विचारलं असतं कुणीतरी.

तुझ्या एप्रिलच्या पत्रावरून मी ओळखलं होतं. तेव्हाच लिहायला हवं होतं. तुला नाव विचारत बसलो, कारण दुसरा कुणी असेल तर बरं, असं वाटत होतं. तुझं मेचं पत्र आलं आणि त्यात बावीस जणांचे हात काखेत. ते हात मी घातलेत, सुबही. तू नाहीस.

हे त्याला वाच. तो मला शिव्या देईल, त्या जशाच्या तशा लिहून पाठव. एकही गाळू नकोस.

अरफा

नजातकडून: मध्ये थांबले नाही. पत्र झाल्यावर थांबले. सुबही, माझं लग्न याच गाण्यानं लागलं. वरातीत आळीनं तेच म्हटलं होतं. आज बाबांनी खिडकी उघडायला सांगितली.

*

अकबा, ८ ऑगस्ट १९८७

मामा,

वाचलं त्याला. तुमचं पत्र मिळाल्यावर चार दिवस खिशात घेऊन फिरलो, मग गेलो. तो दारातच होता. म्हणाला, वाच, मला वाचता येत नाही. मी वाचत होतो आणि तो जाळ्याच्या गाठी मारत होता. चारशे माणसांपाशी आलो तेव्हा हात थांबला.

"टाळी होती?" त्यानं विचारलं.

मी म्हणालो, होती.

"आणि सालेम?"

मी म्हणालो, गाळला. पुढं लिहिलंय, वाचू का? त्यानं मान हलवली. पुढचं वाचून झालं, पत्राची घडी केली. मी शिव्यांची वाट बघत होतो. तुम्ही सांगितलं होतं, एकही गाळू नको. मामा, लिहायला शिवी नाहीच. शेवटी म्हणाला, "चारशे माणसं रडली आणि माझा भाऊ त्यात नव्हता."

मी त्याच्या पाया पडायला वाकलो तर त्यानं पाय मागं घेतले. म्हणाला, तू तुझ्या मामाच्या नावासाठी हात आवरलेस, ते मला कळलं होतं त्याच दिवशी. माझ्या भावाचं नाव घ्यायला मात्र आता मीही उरलो नाही. मी म्हणालो, तारा मी आणून देतो, बंदरावर हव्या तेवढ्या मिळतात. त्यानं बोटं पुढं केली. ती वाकडी झालीत, मामा. थंडीतच झाली होती म्हणे. ईदला तो शेवटचं वाजवायला आला होता. कुणाला सांगितलं नव्हतं त्यानं. म्हणून नवा झगा, म्हणून मेंदी.

ते शेवटचं मी ऐकलं. समोर बसून ऐकलं, काखेत हात घालून.

काल शुक्रवारी मी दम्म्यात उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. गाणं फरहानचं आहे, अरफानं त्याच्याकडून घेतलं, नाव गिळलं, आणि मी नको त्याला चोर ठरवलं. आपली पोरं तोंड फिरवून बसली. सुएझची लाज काढली म्हणतात. आता मी गोलात बसलो की माझ्या दोन्ही बाजूंना माणूसभर जागा मोकळी राहते. यांबूचा खलाशी तेवढा येऊन बसला, तोही म्हणाला, बस बाबा, तुझ्याकडेही घसाच आहे फक्त.

निघताना म्हाताऱ्यानं मला परत बोलावलं होतं. म्हणाला, "तुझ्या मामाला म्हणावं, ये. मला पत्र नको. दम्म्यातलं दम्म्यातच फेडायचं असतं. त्यानं वाजवावं, आधी नाव घ्यावं, आणि चारही कडवी म्हणावीत. टाळी मी देईन."

मामा, मांडी घालता येत नाही हे मी त्याला सांगितलं. तर म्हणाला, उलट्या होडीवर बसव, मी वाद्य धरीन.

तेव्हा या. नजातला बरोबर आणा, आणि ती भिंतीवरची सिमसिमिया. जिना उतरवायला आळीतल्या कुणालाही हाक मारा, पण कशासाठी चाललात ते त्यांना खाली उतरल्यावर सांगा, नाहीतर मध्येच सोडतील. बसनं नुवैबा, पुढं बोटीनं तीन तास. धक्क्यावर मी हातगाडी घेऊन उभा राहीन. हसू नका, त्याच गाडीवर मी आधी पोती वाहिलीत. लवकर या. थंडी पडली की तो किनाऱ्यावर बसत नाही, आणि पुढच्या थंडीचं मला काही सांगता येत नाही.

टेपरेकॉर्डर घेतला नाही. ज्यासाठी घ्यायचा होता ते आता कुठल्याही कॅसेटमध्ये मिळायचं नाही. ते पैसे या पत्राबरोबर, बोटीनं येणाऱ्या माणसाच्या हाती पाठवतोय. दोघांच्या येण्याजाण्याला पुरतील. त्रेचाळीस दिनार.